क्वार्टरबॅक : जुना कीं नवा ?

ता. २७ नोव्हेंबर २०१६ च्या सायंकाळीं कॅनडांतील टोरोंटो शहरीं 'ग्रे कप'चा अंतिम सामना सुरू व्हावयास थोडाच अवकाश होता. दोन्ही संघ मैदानावर अंग मोकळें करीत होते. इतक्यांत ऑटावा संघाच्या हेन्री बरिस नामक खेळाडूचा डावा गुडघा एकाएकीं आंखडला, आणि त्याला मैदान सोडून आंत जावें लागलें. बरिसचें वय त्या वेळीं ४१ वर्षांचें होतें. त्याच्या जागीं उभा राहण्यास ट्रेव्हर हॅरिस नांवाचा ३० वर्षांचा, धडधाकट व त्याच हंगामांत उत्तम खेळ करून दाखविलेला गडी तयार होता. तो चेंडू फेकून हात मोकळा करूं लागला. ऑटावाच्या प्रशिक्षकापुढें कांहीं मिनिटांत सोडविण्याचा प्रश्न उभा राहिला : म्हातारा कीं तरुण ?

४१ वर्षांच्या मनुष्यास म्हातारा म्हटलेलें पाहून पालकवर्गापैकीं पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. प्रस्तुत लेखकाच्याहि पडल्या आहेत. परंतु ज्या खेळाविषयीं आपण बोलत आहों त्यांत तिशी उलटली कीं लोक कुजबुजूं लागतात. तो खेळ कोणता व त्यांत ही निवड इतकी अवघड कां, हें आधीं समजून घेऊं आणि मग टोरोंटोच्या त्या मैदानावर परत येऊं.

कॅनडियन फुटबॉल हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. चेंडू दोन्ही टोंकांस निमुळता; तो हातांत घेऊन पळावयाचा किंवा फेकावयाचा, आणि पायानें क्वचित् मारावयाचा. प्रत्येक बाजूस १२ गडी. बरिसच्या काळीं मैदान ११० वार लांब व ६५ वार रुंद असे, आणि दोहों टोंकांस आणखी वीस-वीस वारांचा पट्टा असे; त्या पट्ट्यांत चेंडू नेला म्हणजे 'टचडाऊन', त्याचे ६ गुण. शेजारच्या अमेरिकेंत ह्याच जातीचा खेळ ११ गड्यांनीं, अधिक अरुंद मैदानावर खेळतात, आणि १० वार पुढें सरकण्यास तेथें ४ प्रयत्न मिळतात. कॅनडांत मिळतात ३. एका प्रयत्नाचा हा फरक ऐकण्यांत क्षुल्लक वाटतो, पण साऱ्या खेळाचा स्वभाव त्यानें पालटतो. तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळीं बहुधा चेंडू पायानें दूर भिरकावून प्रतिपक्षाच्या स्वाधीन करणेंच शहाणपणाचें ठरतें. म्हणजे खरे प्रयत्न दोनच. पहिला फुकट गेला कीं दुसऱ्यांत बहुतेक फेकावेंच लागतें. म्हणून कॅनडांत फेकणाऱ्यावर सारा भार पडतो, आणि तो फेकणारा म्हणजे क्वार्टरबॅक.

त्याचें काम कसें चालतें पाहा. पंचाची शिटी झाल्यापासून २० सेकंदांत खेळ सुरू झाला पाहिजे, असा त्या वेळचा नियम. तेवढ्यांत क्वार्टरबॅकनें आपल्या गड्यांस पुढील डाव सांगावयाचा, रांग लागल्यावर समोरच्या बारा जणांकडे पाहावयाचें, आणि त्यांपैकीं कोण खरोखर चाल करून येणार व कोण केवळ सोंग करीत आहे हें ताडावयाचें. प्रतिपक्षहि दूधखुळा नसतो. तो एका रचनेंत उभा राहतो आणि चेंडू हलतांच दुसऱ्या रचनेंत शिरतो. चेंडू हातीं आल्यावर फार तर तीन सेकंद मिळतात. धिप्पाड गडी अंगावर कोसळावयास येत असतात. आणि क्वार्टरबॅकला चेंडू फेकावयाचा असतो तो आपला गडी जेथें आहे तेथें नव्हे, तर क्षणभरानें तो जेथें पोहोंचणार आहे तेथें. फेक जराशी उशिरां गेली तर ती प्रतिपक्षाच्या हातांत पडते.

ह्या कामांत पायांचा भाग किती, बाहूचा किती आणि डोळ्यांचा किती, ह्यावरच आपला सारा वाद अवलंबून आहे. पाय लवकर थकतात. बाहूचें बळ बराच काळ टिकतें; खांदा दुखावला नाहीं तर चाळिशीपर्यंतहि फेक पुरेशी दूर जाते. आणि डोळे, म्हणजे पाहिलेलें ओळखण्याची शक्ति, ते तर वयाबरोबर अधिक तीक्ष्ण होत जातात. जी हुलकावणी तरुण जन्मांत प्रथमच पाहतो ती जुन्यानें दहा वेळां खाल्लेली असते. म्हणून तो ती चेंडू हातीं येण्यापूर्वींच ओळखतो व चेंडू चटकन् मोकळा करतो. ज्याच्या हातांत चेंडू राहतच नाहीं त्याला पळावें लागत नाहीं. पण हाच अंदाज फसला म्हणजे मात्र जुन्याची गत वाईट होते. तरुण अशा संकटांतून पळून सुटतो, आणि मैदान रुंद असल्यामुळें नुसता सुटत नाहीं तर दहा-पंधरा वार पदरांतहि पाडून घेतो. शिवाय तरुणाचें हाड लवकर सांधतें.

पैशाची बाजू निराळीच. एका वर्षांत खेळाडूंवर किती खर्च करावा ह्यास तेथील लीगनें मर्यादा घातली आहे; २०१६ सालीं ती सुमारें ५१ लाख डॉलर होती. नांवाजलेला क्वार्टरबॅक त्यांतला मोठा वांटा एकटा घेतो, आणि करारांत पुढील वर्षांची हमी बहुधा नसल्यामुळें संघास त्याला हिवाळ्यांत निरोप देतां येतो. दुसरीकडे नव्याची कोंडी अशी कीं, सरावांतील बहुतेक फेऱ्या पहिल्या क्रमांकाच्या गड्याला मिळतात. दुसरा कडेला उभा राहून पाहतो. अनुभव नाहीं म्हणून खेळवीत नाहींत, आणि खेळवीत नाहींत म्हणून अनुभव येत नाहीं. शाळा सोडून नोकरी शोधणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांस ही कोंडी समजावून सांगावयास नको.

आतां बरिसची हकीकत. १९७५ सालीं जन्मलेला हा अमेरिकन खेळाडू २००५ पासून कॅल्गरी संघाचा क्वार्टरबॅक होता. २००८ सालीं त्यानें त्या संघास ग्रे कप मिळवून दिला. २०१० सालीं तो लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. पुढच्याच हंगामाच्या अखेरीस कॅल्गरीनें त्याला बाजूला बसविलें व ड्र्यू टेट नांवाच्या २७ वर्षांच्या गड्याला पुढें केलें. जानेवारी २०१२ मध्यें अदलाबदल करून बरिसची रवानगी हॅमिल्टनला झाली. कॅल्गरीचा हिशेब उघड होता : ३६ वर्षांच्या माणसाला उतार केव्हां लागेल हें सांगतां येत नाहीं, आणि इकडे टेट तयार आहे.

पण २०१२ चा हंगाम सुरू होतो न होतो तोंच टेटचा खांदा निखळला. बरिसच्या बदल्यांत जो आला होता, त्या ३३ वर्षांच्या केव्हिन ग्लेननें संघ सांभाळला. टेट परतला, त्यानें बाद फेरीचा एक सामना मोठ्या हिंमतीनें जिंकून दिला, आणि त्यांतच त्याच्या हाताचें हाड मोडलें, पुन्हां ग्लेन. म्हणजे तरुणासाठीं म्हातारा काढला आणि शेवटीं दुसऱ्या म्हाताऱ्याच्या आधारानें संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला ! तेथें तो टोरोंटोकडून हरला. टोरोंटोचा क्वार्टरबॅक होता रिकी रे, ज्याला आदल्याच हिवाळ्यांत एडमंटननें देऊन टाकलें होतें. हॅमिल्टनमध्यें बरिसनें त्या वर्षीं ४३ वेळां टचडाऊनची फेक केली. तरी त्याचा संघ १८ पैकीं ६ सामनेच जिंकूं शकला. एकट्या क्वार्टरबॅकच्या बळावर सारें होत नाहीं, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे, नाहीं तर लेख एकांगी होईल.

मग कॅल्गरी चुकली काय ? ह्याचें उत्तर देणें मला सोपें वाटत नाहीं. दोनच वर्षांनीं, २०१४ सालीं, कॅल्गरीनें ग्रे कप जिंकला. पण तो टेटच्या हातून नव्हे, तर बो लिव्हाय मिचेल नांवाच्या २४ वर्षांच्या तरुणाच्या हातून. २०११ सालीं बरिसला खालीं बसविलें त्या वेळीं हा मिचेल अजून कॉलेजांत होता. ज्याच्यासाठीं जुन्याला काढलें तो वारस ठरलाच नाहीं. खरा वारस त्या वेळीं तराजूंत नव्हताच. संघांचे चालक मोठ्या आत्मविश्वासानें 'भविष्याचा विचार' असें म्हणतात तेव्हां मला ही गोष्ट नेहमी आठवते.

हॅमिल्टनमध्यें पुन्हां तोच प्रसंग. २०१३ सालीं बरिसनें संघास अंतिम सामन्यापर्यंत नेलें, पण सॅस्काचेवननें ४५-२३ असा पराभव केला. जानेवारी संपतां संपतां हॅमिल्टननें २५ वर्षांच्या झॅक कोलारोसला करारबद्ध केलें आणि ३८ वर्षांच्या बरिसला मोकळें केलें. हा निर्णय मात्र मी मूर्खपणाचा म्हणणार नाहीं. कोलारोसनें पहिल्याच वर्षीं संघास अंतिम सामना दाखविला, आणि पुढें २०१९ व २०२१ सालीं त्यानें दोन ग्रे कप जिंकले. पण ते जिंकले विनिपेगसाठीं, आणि दोन्ही वेळां हरला तो हॅमिल्टनचाच संघ !

ऑटावांत त्या वेळीं एक नवाच संघ उभा राहत होता. त्यानें बरिसला घेतलें. पहिल्या वर्षीं १८ पैकीं १६ सामन्यांत हार. ३९ व्या वर्षीं इतका मार खाल्लेल्या माणसानें घरीं बसावें असें कोणासहि वाटलें असतें. दुसऱ्या वर्षीं, म्हणजे २०१५ सालीं, बरिसच्या फेकींनीं एका हंगामांत ५,७०३ वार कमावले. जवळजवळ सव्वातीन मैल झाले हे, आणि तेहि पावला-पावलाला आडवे येणाऱ्या बारा माणसांच्या मधून. त्याच वर्षीं सप्टेंबरांत हॅमिल्टनच्या कोलारोसचा गुडघा दुखावला व तो उरलेल्या हंगामास मुकला. नोव्हेंबरांत पूर्व विभागाच्या अंतिम सामन्यांत ऑटावा आणि हॅमिल्टन समोरासमोर आले. गुण २८-२८, वेळ उरला मिनिटाहून थोडा अधिक. ऑटावाचा दुसरा प्रयत्न, आणि जावयाचें होतें २५ वार. वर सांगितलेल्या हिशेबानें ही जवळजवळ शरण जाण्याची वेळ. बरिसनें चेंडू लांब फेकला. ग्रेग एलिंगसननें तो झेलला आणि थेट टोंकापर्यंत नेला : ९३ वारांचा टचडाऊन. एलिंगसनहि पूर्वीं हॅमिल्टनमध्येंच बरिसबरोबर खेळलेला. ऑटावा जिंकलें. पुढें अंतिम सामन्यांत त्यांचा एडमंटनकडून पराभव झाला, तरी लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान चाळीस वर्षांच्या बरिसलाच मिळाला.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं मास्तर जुन्यांचे वकील झाले. तसें नाहीं. ब्रिटिश कोलंबियाच्या संघांत मायकेल रिली हा नामांकित क्वार्टरबॅक होता. २०२१ सालीं त्याच्या हाताखालीं नेथन रूर्क हा तरुण कडेला उभा राहून शिकत होता. त्या वर्षीं संघ १४ पैकीं ५ सामने जिंकला. २०२२ च्या आरंभीं रिलीनें ३७ व्या वर्षीं आपण होऊन निवृत्ति घेतली, आणि २४ वर्षांच्या रूर्कनें दहा सामन्यांत २५ टचडाऊन फेकून सर्वांस थक्क केलें. मध्यें पायाला दुखापत होऊन तो कित्येक आठवडे बसला, तरी संघानें १८ पैकीं १२ सामने जिंकले. रूर्कचें यश आणखी एका कारणानें महत्त्वाचें आहे. कॅनडांत जन्मलेल्या खेळाडूंसाठीं प्रत्येक संघांत कांहीं जागा राखून ठेवतात. पण दीर्घ काळपर्यंत क्वार्टरबॅकची जागा त्या हिशेबांत धरीत नसत, आणि संघ तेथें बहुधा तयार अमेरिकनच आणीत. रूर्क हा कॅनडाचा पुत्र. असा मुलगा कडेला उभा राहून म्हातारा झाला असता तर तें नुकसान कोणत्याहि कोष्टकांत दिसलें नसतें.

जुनी पिढी शिखरावर असतांनाच दूर झाली तर वाद मिटेल, असेंहि पुष्कळांस वाटतें. त्यासाठीं एक जुना दाखला सांगतों, आणि तो सांगतांना मला थोडा अभिमान वाटतो. कारण ह्यांतला खेळाडू गणिताचा शिक्षक होता. रस जॅक्सन हा ऑटावाच्या जुन्या संघाचा क्वार्टरबॅक, कॅनडांतच जन्मलेला, शाळेंत गणित शिकवी आणि खेळेहि. १९६० च्या सुमारास त्याच संघांत रॉन लँकॅस्टर नांवाचा दुसरा, दोन वर्षांनीं लहान असा तोलामोलाचा क्वार्टरबॅक होता. दोघांना एका म्यानांत ठेवणें जड गेलें. १९६३ सालीं ऑटावानें लँकॅस्टरला अवघ्या ५०० डॉलरांना सॅस्काचेवनला विकलें. तो तेथें १९७८ पर्यंत खेळला, आणि १९६६ चा ग्रे कप त्यानें ऑटावालाच हरवून जिंकला. १९६९ सालीं जॅक्सननें त्याची परतफेड केली, सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानहि मिळविला, आणि त्याच वर्षीं ३३ व्या वर्षीं खेळ सोडला. असा निरोप भाग्यवंतालाच मिळतो. पण पुढच्या वर्षीं ऑटावाचा संघ १४ पैकीं ४ सामने जिंकला. जागा मोकळी झाली होती. ती भरणारा सात वर्षांपूर्वींच विकला गेला होता.

असो. टोरोंटोच्या मैदानावर बरिसला आंत नेऊन बराच वेळ झाला आहे.

२०१६ च्या त्या हंगामांत पहिल्याच सामन्यांत बरिसच्या फेकणाऱ्या हाताचें बोट निखळलें होतें. हॅरिस आंत आला आणि उत्तम खेळला. नंतर हंगामभर कधीं हा, कधीं तो. संघाची कमाई ८ विजय, ९ पराजय व १ बरोबरी, म्हणजे जेमतेमच. उलट कॅल्गरीचे १५ विजय, २ पराजय, १ बरोबरी. मिचेल त्या वर्षींचा सर्वोत्कृष्ट खेळाडू. आणि त्यांचा मुख्य प्रशिक्षक डेव्ह डिकन्सन हा १९९८ सालीं कॅल्गरींतच बरिसबरोबर राखीव क्वार्टरबॅक म्हणून बाकावर बसलेला. जून महिन्यांत मला कोणी विचारलें असतें तर मी हॅरिसला उभा केला असता : समोर अठरा सामने आहेत, ४१ वर्षांचें शरीर तितके सोसणार नाहीं, आणि तरुणाच्या चुका भरून काढण्यास वेळ आहे. पण नोव्हेंबरच्या त्या सायंकाळीं अठरा सामने नव्हते, एकच होता. आणि चूक भरून काढण्यास दुसरा दिवस नव्हता. जुन्या-नव्याची तुलना करतांना लोक दोघांचीं वजनें काढतात, पण माप किती दिवसांचें तें पाहत नाहींत. जुन्याच्या कालच्या चुका एका पारड्यांत आणि नव्याच्या उद्यांच्या आशा दुसऱ्या पारड्यांत घालून केलेलें वजन खरें कसें निघावें ?

गुडघ्यावर उपचार झाले आणि बरिस परत आला. त्याच गुडघ्यानिशीं त्यानें दोनदां स्वतः चेंडू घेऊन रेषा ओलांडली. तीन टचडाऊन फेकून दिले. एकंदर ४६१ वार फेकीनें कमावले. ऑटावा २७-७ असें पुढें होतें. मग कॅल्गरीनें झपाट्यानें गुण मिळवीत शेवटीं ३३-३३ अशी बरोबरी साधली. जादा वेळांत बरिसनें १८ वारांवरून अर्नेस्ट जॅक्सनकडे (ह्याचा वरील गणितशिक्षकाशीं कांहीं संबंध नाहीं) चेंडू फेकला. चेंडू त्याच्या हातांतून उसळला, क्षणभर बोटांवर नाचला, आणि पुन्हां त्याच्याच हातीं आला. कॅल्गरीला उत्तर देतां आलें नाहीं. ३९-३३. ऑटावा शहरास ४० वर्षांनीं ग्रे कप मिळाला. तो चेंडू हातभर पलीकडे पडला असता आणि सामना उलटला असता, तर दुसऱ्या दिवशीं लंगड्या म्हाताऱ्यास खेळविल्याबद्दल प्रशिक्षकाची छी-थू झाली असती. निर्णय मात्र तोच, तितकाच बरा किंवा वाईट राहिला असता. जानेवारी २०१७ मध्यें बरिसनें निवृत्ति जाहीर केली, आणि त्या वर्षीं ऑटावाची धुरा हॅरिसकडे आली.

चक्र मात्र फिरतच राहिलें. ऑगस्ट २०२२ मध्यें कॅल्गरीनें, एके काळच्या तरुण मिचेललाच, ३२ व्या वर्षीं बाजूला बसवून २५ वर्षांच्या जेक मायरला पुढें केलें. मिचेल गेला हॅमिल्टनला, म्हणजे बरिसच्याच वाटेनें. आणि २०२४ सालीं त्यानें ५,४५१ वार फेकून लीगमध्यें पहिला क्रमांक मिळविला. त्या वर्षीं मायरच्या कॅल्गरीला ५ सामने जिंकतां आले. मायर पुढें सॅस्काचेवनला गेला, तेथील क्वार्टरबॅकच्या हाताखालीं दुय्यम म्हणून. ता. १६ नोव्हेंबर २०२५ रोजीं विनिपेग येथें सॅस्काचेवननें माँट्रियलचा २५-१७ असा पराभव करून ग्रे कप जिंकला. सामन्यांतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला त्या संघाचा ३९ वर्षांचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर हॅरिस, नऊ वर्षांपूर्वीं टोरोंटोंत हात मोकळा करून पुन्हां बाकावर बसलेला. मायर मैदानाच्या कडेला उभा होता.